धुराचं कूळ शोधताना

मार्च सरता सरता गडचिरोलीच्या जंगलात मोहफुलं गळू लागतात. पहाटे टोपल्या घेऊन निघालेल्या बायांना ती पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा आधीच पेटवून जागा साफ केली जाते. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून खुटकटाईऐवजी, म्हणजे झुडपं छाटण्याऐवजी, आग लावण्याची सवयही जुनी. एखादा जाळ हाताबाहेर गेला की वणवा होतो. शेजारच्या चंद्रपुरात धुराला हंगाम लागत नाही. तिथं २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, उघड्या कोळसा खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथं होतं.

एप्रिलमध्ये हवा तपासणाऱ्या यंत्राच्या फिल्टरवर जमलेली काळी पूड मग कोणाची?

नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. लाकूड-पाचोळ्यातलं सेल्युलोज जळताना लेव्होग्लुकोसन नावाचा शर्करेसारखा पदार्थ तयार होतो, तो सापडला की धूर झाडाझुडपांचा. वीज केंद्राची उडती राख इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या मण्यांसारखी गोल दिसते. सिमेंटच्या धुळीत कॅल्शियम भरपूर.

सगळ्यांत भरवशाचा साक्षीदार कार्बन-१४. जिवंत झाड तो हवेतून घेत राहतं. झाड मेल्यावर दर ५७३० वर्षांनी तो निम्मा होतो. चंद्रपूरचा गोंडवाना कोळसा २५ कोटींहून अधिक वर्षं जुना, त्यात तो शून्य. गेल्या वर्षीच्या मोहाच्या पानात तो जवळजवळ पुरेपूर. पुडीतला कार्बन-१४ मोजला की ताज्या आणि प्राचीन धुराचा वाटा कळतो. डिझेलच्या धुरातही तो नसतो, त्यामुळे कोळसा आणि वाहनं वेगळी काढायला बाकीच्या खुणा लागतातच.

कणांची वाट शोधायला हवामानशास्त्रज्ञ वाऱ्याची गणितं उलटी चालवतात, म्हणजे हवा कुठून आली ते मागे शोधत जातात. वाऱ्यागणिक कण कसे बदलतात ते महाबळेश्वरला दिसतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची महाबळेश्वरची ढगशास्त्र प्रयोगशाळा २०१२ पासून सुमारे १३५० मीटर उंचीवर हवेतले कण आणि ढग अभ्यासते आहे. पावसाळी वारा तिथं अरबी समुद्राचं मीठ घेऊन येतो, हिवाळी वारा जमिनीवरचा धूर आणि धूळ.

आगी दिसतात उपग्रहावरून. व्हीआयआयआरएस या उपकरणाचा एक ठिपका ३७५ मीटरचा, आणि उपग्रह डोक्यावरून जातो साधारण दुपारी दीड आणि रात्री दीड वाजता. संध्याकाळी एका मोहाखाली पेटवलेला आणि तासाभरात विझलेला पाचोळा त्याला बहुधा दिसतच नाही. त्याची नोंद राहते ती खालच्या फिल्टरच्या कागदावर, लेव्होग्लुकोसनच्या काही नॅनोग्रॅममध्ये.