बट्स यांच्या शेतावरचं विमान

अटलांटिक महासागर ओलांडणारं पहिलं मॉडेल विमान एका शेताच्या नावानं ओळखलं जातं: ‘द स्पिरिट ऑफ बट्स फार्म’. बीचर बट्स हे अमेरिकेतले विमानवेडे गृहस्थ. त्यांच्या शेतावर या विमानाच्या चाचण्या झाल्या, म्हणून हा मान. एकट्यानं अटलांटिक पार करणारा वैमानिक लिंडबर्ग, त्याच्या विमानाला पाठीराख्यांच्या शहराचं नाव मिळालं होतं, याला जागा देणाऱ्या शेताचं. एरोमॉडेलिंग क्लबात चार दिवस घालवलेल्या कुणालाही ते रास्तच वाटेल.

विमान घडवलं मेनार्ड हिल यांनी, सोबत्यांना हाताशी घेऊन. हिल पेशानं धातुशास्त्रज्ञ, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतले. रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानांच्या आद्य कर्त्यांपैकी वॉल्टर गुड हेही याच प्रयोगशाळेतले. 1937 मध्ये त्यांनी जुळा भाऊ विल्यम याच्यासह उडवलेलं ‘गफ’ आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 2003 मध्ये हिल 77 वर्षांचे होते आणि नजर इतकी अधू की कायद्याच्या लेखी ते अंध होते. बाल्सा हे नखानं दबणारं लाकूड. ते अशा नजरेनं कापायचं, तासायचं, चिकटवायचं म्हणजे सगळी भिस्त बोटांवर.

खरी झुंज वजनाशी होती. मॉडेल विमानांच्या जागतिक विक्रमांसाठी उड्डाणाच्या वेळचं वजन 5 किलोच्या आत लागतं, इंधनासकट. त्यातला निम्म्याच्या जवळपास हिस्सा इंधनालाच गेला. उरलेल्यात 1.83 मीटरचा पंख, इंजिन, ऑटोपायलट, जीपीएस, सगळं बसवायचं. मॉडेल विमानं सहसा मिथेनॉलवर चालतात. पण मिथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, टाकी लवकर रिकामी होते. म्हणून हिल यांनी 10 सीसीच्या चार-स्ट्रोक इंजिनाला ठिणगीचं प्रज्वलन बसवलं आणि त्यात कँपिंगच्या कंदिलात वापरतात ते इंधन घातलं. मला या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

आधीच्या चार विमानांपैकी एकही पलीकडे पोहोचलं नव्हतं. 9 ऑगस्ट 2003 च्या संध्याकाळी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरवरून हिल यांनी पाचवं विमान हातानं हवेत सोडलं. किनारा मागे पडला की पुढची जबाबदारी ऑटोपायलटची. 38 तास 52 मिनिटांनी ते आयर्लंडमधल्या क्लिफ्डनजवळ मॅनिन बीचवर आलं, आणि तिथं वाट पाहत उभ्या असलेल्या डेव्ह ब्राऊन यांनी रिमोट हाती घेऊन ते उतरवलं. अंतर 3,028 किलोमीटर. टाकीत जेमतेम घोटभर इंधन उरलं होतं. 1919 मध्ये ॲल्कॉक आणि ब्राऊन यांनी न थांबता अटलांटिक पार करून विमान उतरवलं तेही क्लिफ्डनच्याच परिसरात.

आपल्याकडे या छंदाची जुनी शाळा म्हणजे एनसीसी. तिची हवाई शाखा 1950 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन स्क्वाड्रनपैकी एक मुंबईत होती. तिथले कॅडेट कंट्रोल-लाइन शिकतात: दोन बारीक तारा, हातात हँडल, आणि इंजिनाच्या कर्कश आवाजात विमान उडवणाऱ्याभोवती गरगर फिरतं. मनगट वर वळवलं की नाक वर, खाली वळवलं की खाली. चुकलं तर महिनाभराची मेहनत क्षणात मातीत. या खेळाला तारांच्या लांबीइतकं, म्हणजे 15-20 मीटर त्रिज्येचं, मोकळं वर्तुळ लागतं आणि वरून विजेच्या तारा गेलेल्या चालत नाहीत. रेडिओच्या विमानाला तर याच्या कितीतरी पट जागा हवी.

बाल्सा विकत मिळतं, इंजिन मिळतं, शिकवणारेही भेटतात. अडतं ते मैदानापाशी. तुमच्या शाळेचं, संस्थेचं किंवा गावाचं मोकळं रान असेल, तर आठवड्यातली एक सकाळ या पोरांना द्या.