ळ, ऱ्या आणि एक छोटी फाईल



गेल्या वर्षी आमच्या सहीची सहलीची सूचना फलकावर लागली. तिच्यात गावाचे नाव 'वालपई' झाले होते आणि 'सत्तरीच्या दऱ्या' हे 'सत्तरीच्या दर्या' असे छापले गेले होते. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, सत्तरीत समुद्र कधी आला?" चूक आमचीच होती. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, बोटेही हिंदीत तयार झाली. ळ आणि ऱ ची कळ कुठे असते हे त्यांना ठाऊकच नव्हते.

तेव्हापासून संगणक कक्षात आम्ही इमॅक्स हा लेखन-संपादक वापरू लागलो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९७६ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत त्याची सुरुवात केली. आजचा ग्नू इमॅक्स १९८५ पासूनचा. तो मोफत मिळतो, हे विश्वस्त मंडळींनी जरूर लक्षात घ्यावे. माऊसला हात न लावता सगळे काम कळफलकावरून होते. पहिले आठ दिवस त्रास होतो, आम्हांलाही झाला.

त्याची खरी गंमत मात्र त्याच्या सेटिंगच्या फाईलीत आहे. ही साधी मजकुराची फाईल असते. इमॅक्स सुरू होताना ती वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. आमच्या फाईलीतली पहिली ओळ मराठीची आहे. तिच्यात इनस्क्रिप्ट ही लेखनपद्धत नेमून दिली आहे. मग कंट्रोलसह उलटी तिरकी रेघ दाबली की मराठी, पुन्हा दाबली की इंग्रजी. संगणकाचीच मांडणी मराठी केली तर कंट्रोलसह दिलेल्या आज्ञा अडखळतात. इथे तसे होत नाही. अक्षरे मराठी उमटतात, आज्ञा होत्या तशाच राहतात.

इनस्क्रिप्ट ही भारत सरकारने १९८६ मध्ये ठरवलेली मांडणी. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. 'वाळपई' लिहायचे तर बी, ई, शिफ्टसह एन, एच आणि शिफ्टसह आर. एवढेच! 'ऱ्या' साठी शिफ्टसह जे, मग हलन्तासाठी डी, मग य साठी तिरकी रेघ, शेवटी काना. आमची बोटे इथे अजून चुकतात, म्हणून एफ-६ ही कळ दाबली की 'ऱ्' उमटावा अशी ओळ आम्ही फाईलीत घातली. एफ-५ ते एफ-९ या कळा इमॅक्सने वापरणाऱ्यासाठीच मोकळ्या सोडलेल्या आहेत.

दुसरी कामाची ओळ पावसाळ्याची. वीज गेली की निबंध गेला, हे आपल्याकडे नवीन नाही. इमॅक्स साधारण ३०० कळा दाबल्यावर आपणहून एक वेगळी प्रत ठेवतो. आम्ही तो आकडा १०० केला. वीज आल्यावर ती प्रत परत मागता येते. जास्तीत जास्त एखादे वाक्य पुन्हा लिहावे लागते.

आता मुलांना एक आग्रहाची सूचना. मित्राची शंभर ओळींची फाईल उचलून आपल्याकडे चिकटवू नका. नववीतल्या एकाने तसे केले आणि कुठला तरी कंस सुटल्यामुळे फाईल अर्ध्यावरच अडली. कोणती ओळ कशासाठी आहे हे त्याला सांगता येईना, मग दुरुस्त काय करणार? एका वेळी एकच ओळ घाला, इमॅक्स बंद करून पुन्हा सुरू करा, आणि त्या ओळीच्या वर अर्धविराम देऊन ती कशाला घातली ते मराठीत लिहा. अर्धविरामानंतरचा मजकूर इमॅक्स वाचत नाही, तो आपल्यासाठी असतो. तरीही बिघडलेच तर 'उणे क्यू' देऊन सुरू करावे, म्हणजे फाईल न वाचता तो उघडतो आणि चूक शोधता येते.

पत्रिकेची पानमांडणी यात होत नाही, त्यासाठी वेगळी आज्ञावली लागतेच. निबंध, सूचना, इतिवृत्त यांना मात्र हे पुरे आहे.

आमची फाईल आज अकरा ओळींची आहे. तिची छापील प्रत संगणक कक्षाच्या दारावर लावली आहे. सुट्टीत कक्षातले संगणक पुसून नव्याने तयार केले जातात, तेव्हा प्रत्येकाने आपली फाईल पेन ड्राइव्हवर किंवा वहीत उतरवून घरी न्यावी.