पटींचा आकडा आणि माहुलीचे सुळके

शहापूरहून मुरबाडकडे निघाले की सापगावापाशी भातसा नदीचा पूल लागतो. पावसाळा सरून हवा धुतल्यासारखी झाली, की या परिसरातून माहुलीचे सुळके नुसत्या डोळ्यांनी रेखीव दिसतात. भाताच्या खाचरांत बगळे उतरलेले असतात, विजेच्या तारेवर खंड्या बसलेला असतो. शहापूरच्या मानस मंदिराचे दर्शन घेऊन सहकुटुंब भटकंतीला निघालेले कोणी गाडी थांबवून मोबाइल काढतात. घरी येऊन पाहावे तर माहुली नखाएवढी आणि खंड्या म्हणजे निळा ठिपका. मग लांब झूमच्या कॅमेऱ्याचा विचार सुरू होतो. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती पट?’ बहुतेकांची चौकशी तेथेच संपते.

हा पटींचा आकडा म्हणजे केवळ एक गुणोत्तर होय. भिंगाच्या सर्वांत मोठ्या नाभीय अंतराला सर्वांत लहान अंतराने भागले की तो मिळतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या परिभाषेत सोनीच्या एचएक्स ४०० व्ही या कॅमेऱ्याचे भिंग २४ ते १२०० मिलिमीटर, म्हणून तो ५० पट. पॅनासॉनिकच्या एफझेड ८२ चे २० ते १२००, म्हणून तो ६० पट. तारेवरचा खंड्या मात्र दोन्हींत सारखाच मोठा दिसणार. दहा पटींची अधिकाई दूरच्या टोकाला नसून जवळच्या टोकाला आहे. लग्नघरातील अरुंद खोलीत सारे कुटुंब एका चौकटीत बसवायचे असेल, तर त्या २० मिलिमीटरचे मोल आहेच. पण ते मोल वेगळ्या कामाचे. सूट किती टक्के हे ऐकण्याआधी मूळ किंमत विचारणाऱ्या व्यापाऱ्याला हे निराळे समजावण्याची गरज नाही.

आकडा ऑप्टिकल झूमचा आहे ना, हेही पाहावे. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे पुढेमागे सरकून प्रतिमा खरोखर मोठी होते. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे. त्यात तपशील वाढत नाही. मोबाइलवरील ‘१०० पट’ बव्हंशी या दुसऱ्या जातीचे असते.

खरी मेख प्रकाशाची आहे. एवढी लांब पल्ल्याची भिंगे हातात मावतील अशी बनवायची, तर आतील सेन्सर लहान ठेवावा लागतो. या वर्गातील बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, सुमारे चौपट. (त्याची कोणतीही बाजू इंचभर नसते, हे नाव जुन्या व्हिडिओ नलिकांच्या मापावरून रूढ झाले.) शिवाय झूम वाढवत नेला की भिंगाचे छिद्र तुलनेने आकसते. निकॉनचा २०१८ सालचा कूलपिक्स पी १००० हा १२५ पटींचा. त्याचे छिद्र जवळच्या टोकाला एफ २.८ आणि ३००० मिलिमीटरला एफ ८. म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच क्षेत्रावर पडणारा प्रकाश सुमारे एक अष्टमांश. उन्हात उभ्या बगळ्याला याने बाधा येत नाही. संध्याकाळी झाडीत शिरलेल्या पक्ष्याचे चित्र मात्र दाणेदार आणि मळकट येते. याउलट सोनीचा आरएक्स १० मार्क ४ हा केवळ २५ पटींचा, ६०० मिलिमीटरपर्यंतच जाणारा. पण त्यात एक इंची सेन्सर आहे आणि शेवटच्या टोकालाही एफ ४. तिन्हीसांजेच्या उजेडात तोच सरस ठरतो. त्याची किंमत ऐकून अनेक जण परततात, हेही खरे.

दुसरी अडचण हाताच्या कंपाची. जुना संकेत असा, की जेवढे नाभीय अंतर, सेकंदाचा निदान तितकाच भाग शटरचा वेग असावा. २००० मिलिमीटरला एक सेकंदाचा दोन हजारावा भाग. कंप आवरणारी यंत्रणा पाच टप्प्यांची असेल, तर कागदोपत्री साठाव्या भागापर्यंत निभावते. ती फक्त हात स्थिर करते. मान वळवणारा पक्षी ती कशी थांबवणार?

२००० मिलिमीटरला शंभर मीटरवरची जेमतेम १.८ मीटर रुंदी चौकटीत मावते. त्यामुळे पक्षी सापडणेच कठीण जाते. म्हणून एका बटणासरशी झूम क्षणभर मागे घेऊन पुन्हा पुढे नेणारी सोय निकॉन आणि कॅनन यांनी दिली आहे. दुकानात ती आवर्जून वापरून पाहावी. डोळ्याला लावायची खिडकीही हवीच, कारण कॅमेरा कपाळाला टेकला की हात निम्मा स्थिरावतो आणि उन्हात मागचा पडदा दिसत नाही. कोजागरीचा चंद्र २००० मिलिमीटरला चौकटीच्या उंचीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग व्यापतो. ३००० ला तो वरखाली कापला जातो. तेथे जास्तीचे पैसे चंद्रासाठी तरी व्यर्थ!

माहुलीबाबत एक गोष्ट कोणत्याही कंपनीच्या हाती नाही. एप्रिल-मेच्या दुपारी मधली तापलेली हवा थरथरते आणि सुळक्यांच्या कडा विरघळतात. झूम वाढवावा तशी थरथरही वाढते. त्यावर उपाय एकच, पहाटे लवकर निघणे.

माहुलीभोवतीचे तानसा अभयारण्य हे या कॅमेऱ्यांचे खरे परीक्षास्थान. १८८४ नंतर ज्याची खात्रीशीर नोंद नव्हती तो रानपिंगळा १९९७ साली नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि २०१४ मध्ये तानसाच्या जंगलातही आढळला. वीतभर उंचीचा हा पक्षी पाहण्यास लोक येऊ लागले, तशी त्याच्या झाडाजवळ जाण्याची चढाओढही वाढण्याचे भय निर्माण झाले. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावले, वा घरट्याखाली उभे राहिले, तर तो भक्ष्य शोधणे सोडून बिथरतो. अंडी किंवा पिल्ले उघडी पडतात. अहिंसेचे संस्कार असलेल्या घरातील मुलाच्या हाती कॅमेरा देताना एवढे सांगितलेच पाहिजे. लांब झूमचे सार्थक येथेच आहे. १२०० मिलिमीटरला पन्नास मीटरवरची एक मीटर उंची चौकटीत येते, म्हणजे पाऊलही पुढे न टाकता रानपिंगळा चौकटीचा जवळजवळ चौथा भाग भरतो. आणि हे घुबड दिवसाउजेडी सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसणारे असल्याने लहान सेन्सरलाही ते पेलते. अभयारण्यात पाऊल ठेवण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी आणि जोडीला एक भरलेली बॅटरी न्यावी. झूमच्या मोटरला आणि पडद्याला वीज पुष्कळ लागते.