हिरव्या पाठीचा मासा सापडला कसा?

मित्रांनो, समजा तुम्ही कुंडीत एक रोप लावलंत. रोज पाणी घातलंत, ऊन-वाऱ्यापासून जपलंत. आणि फूल आल्यावर कळलं, की अरेच्चा, हे रोप आपल्याला हवं होतं ते नव्हेच! कसं वाटेल?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात अगदी असेच झाले. फक्त तिथे रोप नव्हते, मासा होता. आणि मेहनत कित्येक वर्षांची होती!

ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला मासा. काश्मीर-हिमाचलच्या नद्यांतही तो मिळतो. पण तिथे तो ब्रिटिशांनी आणून सोडलेला पाहुणा आहे. कोलोरॅडोत मात्र एक अस्सल गाववाला ट्राउट होता. पाठ हिरवट, अंगावर काळे ठिपके आणि जबड्याखाली लालभडक रेघ, जणू कुणी सुरी फिरवली आहे! म्हणून त्याचे नाव पडले ‘ग्रीनबॅक कटथ्रोट’, म्हणजे हिरव्या पाठीचा, गळा चिरलेला.

१८५९ च्या सुमारास तिथे सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली. खाणींच्या घाणीने ओढे नासले. माशांची बेसुमार पकड झाली. मग मासे कमी पडू लागले म्हणून सरकारने बाहेरचे ट्राउट आणून सोडले. १८८५ ते १९५३ या काळात राज्यात ७५ कोटींहून जास्त मासे सोडले गेले! पाहुण्यांनी घर बळकावले. १९३७ मध्ये हिरव्या पाठीचा ट्राउट नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

पण १९५७ मध्ये डोंगरातल्या एका ओढ्यात तसेच मासे दिसले. केवढा आनंद! त्यांची पैदास करून ती पिल्ले अनेक ओढ्यांत आणि तळ्यांत सोडली गेली. १९९४ मध्ये तर तो कोलोरॅडोचा ‘राज्यमासा’ झाला.

आणि इथेच घोटाळा निघाला. २००७ मध्ये डीएनए तपासणीत दिसले, की जपलेल्या माशांपैकी बरेचसे शेजारच्या नदीखोऱ्यातल्या दुसऱ्याच कटथ्रोटचे वंशज आहेत. दिसायला सारखे, पण वंश वेगळा!

मग खरा कोणता? हे सांगणार कोण? उत्तर होते संग्रहालयांच्या कपाटांत. दीडशे वर्षांपूर्वी पकडलेले मासे तिथे अल्कोहोलच्या बरण्यांत ठेवलेले होते. जेसिका मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे तुकडे-तुकडे झालेले डीएनए चिकाटीने वाचले आणि जिवंत माशांशी ताडून पाहिले. २०१२ मध्ये निकाल लागला. अस्सल ग्रीनबॅक एकाच ठिकाणी उरला होता, बेअर क्रीक नावाच्या ओढ्यात. जेमतेम सहा किलोमीटरचा पट्टा आणि सुमारे ७५० मासे!

गंमत म्हणजे तो ओढाही त्याचे मूळ घर नव्हे. एकोणिसाव्या शतकात एका हॉटेलवाल्याने पर्यटकांसाठी तिथे मासे सोडले होते. त्याची हौस, आणि वाचला एक वंश!

मग खरे काम सुरू झाले. एका वणव्यात किंवा पुरात सगळे संपू नये म्हणून उबवणी केंद्रांत अंडी उबवून पिल्ले वाढवली. डेन्व्हरच्या पश्चिमेला हर्मन गल्च नावाचा ओढा आहे. त्यातले परके मासे आधी औषध घालून काढून टाकले. २०१६ मध्ये स्वयंसेवकांनी पाण्याच्या पिशव्यांतून पिल्ले पाठीवर वाहून डोंगरावर नेली. आणि २०२२ मध्ये बातमी आली, की तिथे ग्रीनबॅकची पिल्ले आपोआप जन्माला येत आहेत. माणसाच्या मदतीशिवाय!

‘एका माशासाठी एवढी यातायात कशाला?’ असे तुमच्या मनात आले असेल. त्याचे कारण असे, की हजारो वर्षांत तो त्या पाण्याला सरावलेला आहे. परक्या माशांशी त्याचा संकर झाला, की तो वंश मिटतो. मग कितीही पैसे ओतले तरी परत मिळत नाही. मत्स्य खात्यांनी यातून तीन धडे घेतले. सोडण्याआधी माशाचा वंश तपासायचा, ओढा आधी मोकळा करायचा आणि मासे एकाच ठिकाणी ठेवायचे नाहीत.

हा धडा आपल्यासाठीही आहे बरं का! आपल्या कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांतला निळ्या परांचा महसीर १९७० च्या दशकापासून कावेरीत सोडला गेला. हेतू चांगलाच होता. पण संशोधकांच्या मते त्यामुळे कावेरीच्या मूळ कुबड असलेल्या महसीरची जागा गेली. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली.

तेव्हा घरातल्या काचेच्या टाकीतले मासे नको झाले, तर ‘बिचारे, मोकळे होऊ देत’ म्हणून ते नदीत किंवा तळ्यात सोडू नका हं! ते दुकानदाराला परत द्या, नाहीतर एखाद्या मित्राला. नदीत आधीच कुणाचे तरी घर असते.