संकेतस्थळाची कारागिरी

व्याख्यानाचा विषय फलकावर लागला त्याच संध्याकाळी एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यात अडविले आणि विचारले, "संकेतस्थळ करावयाचे काम आता यंत्रालाच सांगता येते म्हणतात, मग तासभर बोलावयाचे ते काय उरले?" प्रश्न रास्त होता. २००३ साली वर्डप्रेस निघाले तेव्हापासूनच हे काम सोपे होत आले आहे, आणि आता तर दोन वाक्यांत वर्णन केले की यंत्र पान रचून हाती देते. परंतु पान दिसणे आणि संकेतस्थळ चालणे यांत भिंतीचा रंग आणि घराचा पाया यांच्याइतके अंतर आहे. आमच्या विवेचनाचा रोख या न दिसणाऱ्या भागावर आहे. ज्यांचे दुकान बसले असे जे छोटे व्यावसायिक आम्ही पाहिले, त्यांच्यापैकी रंग वाईट म्हणून बसलेला एकही नव्हता.

आमच्या परिचयाच्या एक बाई घरी मसाले, पापड आणि कुरडया करून विकतात. एका होतकरू तरुणाने त्यांना सुबक संकेतस्थळ करून दिले. मोबदला माफक घेतला, छायाचित्रे स्वतः काढली. पुण्यामुंबईचीच नव्हे, तर परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचीही मागणी येऊ लागली. दोन वर्षांनी हा तरुण नोकरीच्या निमित्ताने परगावी गेला. संकेतस्थळाचे नाव त्याने सोयीसाठी स्वतःच्याच खात्यावर नोंदविले होते, आणि नूतनीकरणाच्या सूचना ज्या ई-मेलवर येत तो त्याने वापरावयाचे सोडले होते. एके दिवशी दुकान दिसेनासे झाले. बाईंना वाटले, काही बिघाड असेल, होईल दुरुस्त. तीन महिन्यांनी चौकशी केली तेव्हा ते नाव दुसऱ्याच कोणी घेतले होते आणि तेथे जुगाराची जाहिरात झळकत होती. या प्रकरणात लबाडी कोणीच केली नव्हती. धंद्यातली एक साधी गोष्ट दोघांनाही ठाऊक नव्हती, इतकेच.

ती गोष्ट अशी की, संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते विकत मिळत नाही. मुदतीच्या पट्ट्याने मिळते. 'डॉट कॉम'सारख्या नावाचा पट्टा एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचा. मुदत संपली की नोंदणी करणारी कंपनी फार तर ४५ दिवस नाव राखून ठेवू शकते. पुढे ते खोडले गेले तरी ३० दिवसांपर्यंत जबर शुल्क भरून सोडवून घेता येते. त्यानंतर आणखी ५ दिवसांनी ते कोणालाही खुले होते. म्हणजे झाले फार तर ८० दिवस, आणि बाईंनी चौकशी केली ती तीन महिन्यांनी! मागणी असलेले नाव तर कित्येकदा त्याच्याही आधी लिलावात निघून जाते.

म्हणून या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी एक गोष्ट अंगवळणी पाडावी. संकेतस्थळाला तीन किल्ल्या असतात: नावाच्या नोंदणीचे खाते, पाने जेथे ठेविलेली असतात त्या सर्व्हरवरील जागेचे खाते, आणि या दोहोंच्या सूचना ज्यावर येतात तो ई-मेल. तिन्ही किल्ल्या दुकानदाराच्या नावावर असाव्यात; कारागिराला काम करण्यापुरती वहिवाट असावी. येथे एक बारीक खोच आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. सूचनांचा ई-मेल त्याच नावावरचा ठेवू नये. नाव बंद पडले की त्यावरचा ई-मेलही बंद पडतो, आणि घराला आग लागल्याची वर्दी घरातच अडकून राहते.

काही मंडळी म्हणतील की, स्वतःचे नाव आणि जागा हवीच कशाला? समाजमाध्यमांवर फुकट दुकान मांडता येते, गिऱ्हाईकही तेथेच असते. यात तथ्य आहे. जत्रा भरते तेथे पाल अवश्य ठोकावे. पण जत्रा आपली नव्हे, हे विसरू नये. १९९४ साली निघालेल्या जिओसिटीजवर जगभरच्या हौशी लोकांनी लाखो पाने उभी केली. १९९९ साली ती याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. आपल्याकडचे उदाहरण याहून ताजे आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. त्या निर्णयाच्या गुणदोषांची चर्चा हा आमचा विषय नाही. परंतु खेड्यापाड्यांतल्या ज्या मुलामुलींनी तेथे मेहनतीने आपला प्रेक्षक जमविला होता, त्यांच्याजवळ दुसऱ्या दिवशी त्या प्रेक्षकांचा पत्तासुद्धा उरला नाही. ज्याच्यापाशी स्वतःचे पान आणि गिऱ्हाइकांची स्वतःची यादी असते, त्याचे नुकसान अशा वेळी होत नाही असे नव्हे. पण तो रस्त्यावर येत नाही.

आता आमच्या मते या कारागिरीचा जो सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षिलेला भाग, त्याकडे वळू. तो म्हणजे अक्षरे. मराठी दुकानाच्या संकेतस्थळावर मजकूर पुष्कळदा चित्राच्या रूपात चिकटविलेला असतो. छापखान्यातून आलेले दरपत्रक जसेच्या तसे छायाचित्र म्हणून वर चढविले जाते. माणसाला ते वाचता येते, यंत्राला ते नुसते चित्र दिसते. गिऱ्हाईक शोधयंत्रात 'गोडा मसाला' असे टाकते, तेव्हा त्या दरपत्रकातला गोडा मसाला हाती लागेलच याचा भरवसा देता येत नाही. आणि दृष्टिहीन माणसाला पान वाचून दाखविणारे यंत्र तर तेथे मुकेच होते.

तो मजकूर छापखान्याकडून उचलून चिकटवावा म्हटले, तर निराळीच गंमत होते. पानावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ उमटते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जुन्या काळी प्रत्येक मराठी टंक बनविणाऱ्याने आपापली सोय पाहिली: आत इंग्रजी अक्षराचा आकडा ठेवावयाचा आणि वर त्याला मराठी अक्षराचा मुखवटा चढवावयाचा. तो टंक ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे मुखवटा गळून पडतो. यावर उपाय म्हणून भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली ठरले. त्याच साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला तिचे स्वतःचे आकडे मिळाले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सीडॅकने भारतीय भाषांच्या संगणकीकरणाचे पुष्कळ काम केले आहे. तरीही जुन्या टंकांतले साहित्य अजून छापखान्यांच्या कपाटांत आहे, आणि ते युनिकोडमध्ये आणणे हे मराठी कारागिराचे खास काम होय. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवून झोपू नये. जुन्या टंकांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाकीत, युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर असते. रफाराचे उलट, तो जुन्या पद्धतीत नंतर आणि नव्या पद्धतीत आधी. हा उलटापालटीचा व्यवहार यंत्र बहुधा नीट करते, परंतु जोडाक्षराशी चुकते. म्हणून परिवर्तित मजकुराची मुद्रिते डोळ्यांत तेल घालून तपासावीत.

आणखी एक खास मराठी अडचण सांगतो. 'सुऱ्या' हा शब्द घ्या. यातला अर्धा र संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत साधा र, हलन्त आणि जोडणारे एक अदृश्य चिन्ह असते. दुसऱ्या रीतीत टिंब असलेला ऱ आणि हलन्त असतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. चाकू-सुऱ्या विकणाऱ्या दुकानाने एका रीतीने लिहिले आणि गिऱ्हाइकाने त्या दुकानाच्या शोधपेटीत दुसऱ्या रीतीने टाकले, तर 'माल नाही' असे उत्तर मिळते आणि माल कपाटात तसाच पडून राहतो. ज्याला हे ठाऊक आहे तो दोन्ही रूपे एक मानण्याची व्यवस्था दहा मिनिटांत करतो. ज्याला ठाऊक नाही त्याला विक्री का होत नाही याचा पत्ता वर्षभर लागत नाही.

पानाच्या आरंभी भाषा जाहीर करण्याची एक जागा असते. तेथे हिंदी किंवा इंग्रजी असे पडलेले असते, कारण नमुना तसा आलेला असतो. तेथे मराठी असे लिहावे. ज्या टंकांत तशी सोय आहे ते मग ल आणि श यांची आपली मराठी वळणे दाखवितात, आणि वाचून दाखविणारे यंत्र मराठी आवाज निवडते. इंग्रजी मथळ्यांना शोभा यावी म्हणून अक्षरांमध्ये अंतर टाकण्याची जी टूम आहे, ती देवनागरीला लावू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधली जागा मात्र इंग्रजीहून अधिक सोडावी, नाही तर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत गुंततात.

पानाच्या वजनाचा हिशेब तर शाळकरी मुलालाही जमेल. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठविण्यास ३ बाइट लागतात. हजार शब्दांच्या मजकुरात सुमारे ७ हजार चिन्हे धरली, तर सगळा मिळून २१ हजार बाइट, म्हणजे जेमतेम २१ केबी. उलट फोनने काढलेले कुरडईचे एक छायाचित्र सहज ४ एमबीचे भरते. त्यात असे हजार शब्दांचे जवळजवळ २०० लेख मावतील. अशी दहा छायाचित्रे पहिल्याच पानावर लटकविली, की शहरातल्या कचेरीत सारे ठीक दिसते आणि एस. टी. स्थानकावर जुना फोन घेऊन उभे राहिलेले गिऱ्हाईक कंटाळून निघून जाते. छायाचित्राची रुंदी पानाला लागेल तेवढीच ठेवून ते आवळले, तर १०० ते १५० केबीत चांगले दिसते. आपले काम जुन्या फोनवर, रेंज कमी असेल तेथे उभे राहून तपासावे. आम्हांला याहून उत्तम परीक्षक अजून भेटलेला नाही.

पत्त्यामागच्या सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राविषयी फार सांगावयास नको. जुलै २०१८ पासून क्रोम त्यावाचूनच्या पानांवर 'असुरक्षित' असा शिक्का मारू लागला, आणि लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेमुळे २०१५ पासून ते विनामूल्य मिळू लागले आहे. न घेण्यास सबब उरलेली नाही. तीच गोष्ट प्रतींची. प्रत एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी आणि ती परत उभी करून पाहिलेली असावी.

मोबदल्याचा विषय निघाला की आपली मंडळी संकोचतात. नवा कारागीर एकदाच ठोक रक्कम सांगतो, ती गिऱ्हाइकाने घासाघीस करून खाली आणलेली असते, आणि नंतर तीन वर्षे 'एवढा दर बदलून द्या' असे निरोप फुकट झेलीत बसतो. अखेरीस तो फोन उचलीत नाही. दोष वृत्तीचा नाही, कराराचा आहे. बांधणीचे पैसे निराळे आणि देखभालीचे वार्षिक पैसे निराळे असे आरंभीच सांगावे. मग एका कागदावर लिहावे: नाव कोणाच्या खात्यावर, मुदत कोणत्या तारखेला संपते, शुल्क कोण भरणार, मजकूर आणि छायाचित्रे दुकानदार केव्हा देणार, किती फेरबदल ठरल्या रकमेत येतात. हा कागद पुरा होण्यापूर्वी कामाला हात घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिकावे कोठे, असे तरुण मंडळी विचारतात. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत या जाळ्याची कल्पना मांडली, १९९१ साली पहिले संकेतस्थळ जगाला खुले झाले, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनाशुल्क वापरावयास मोकळे केले. त्या मोकळेपणाचा अंश आजही शिल्लक आहे. ब्राउझरमध्ये आलेल्या पानाची मूळ संहिता कोणालाही उघडून पाहता येते. इतर कित्येक धंद्यांत उस्ताद आपली खुबी झाकून ठेवतो. येथे ती बरीचशी चव्हाट्यावर मांडलेली आहे. शेजारच्या किराणा दुकानाचे एकच पान घ्यावे: दर, वेळ, पत्ता आणि फोन. ते एचटीएमएलमध्ये एकदा हाताने लिहावे. नंतर यंत्राकडून खुशाल लिहवून घ्यावे. पण तोपर्यंत यंत्राने कोठे भाषा चुकविली आणि कोठे चार एमबीचे चित्र घुसडले, हे आपल्याला ओळखता येऊ लागलेले असते.

त्या मसालेवाल्या बाईंनी पुढे नवे नाव घेतले, स्वतःच्या खात्यावर, आणि नूतनीकरणाची तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्यांच्या सुनेने तांबड्या शाईने लिहून ठेवली आहे. जुने नाव छापलेल्या पिशव्या मात्र घरात पुष्कळ शिल्लक होत्या. त्यांवर नव्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटविण्याचे काम दिवाळीपर्यंत चालले होते.