ओढीच्या पाण्यांत गळ कसा टाकावा?

आमच्या कोंकणांतील खाड्यांच्या मुखाशीं सुटीच्या दिवशीं गळ घेऊन बसलेलीं मुलें पुष्कळ दिसतात. त्यांपैकीं बहुतेकांची समजूत अशी कीं, मासा मिळणें हा केवळ नशिबाचा खेळ होय. वस्तुतः तसें नाहीं. मासा केव्हां चरेल, कोठें उभा राहील आणि आपणांस धोका कोठून येईल, हें सर्व पाण्याच्या चालीवरून कळतें. तिचाच थोडा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

प्रथम वेळ पाहूं. भरती सुमारें सहा तास चढते व तितकाच वेळ ओहोटी चालते. मुंबईकडील किनाऱ्यावर कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे: तिथीचा आंकडा पाऊणपट केला म्हणजे पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानानें निघते. चतुर्थीस तीन वाजतां व अष्टमीस सहा वाजतां पाणी भरतें. परंतु सहाही तास तें सारखें चढत नाहीं. एकंदर चढीचे १२ भाग कल्पिले, तर पहिल्या तासांत १, दुसऱ्यांत २, तिसऱ्यांत व चौथ्यांत ३-३, पांचव्यांत २ आणि सहाव्यांत १ भाग चढतो. म्हणून सर्वांत जोराची ओढ बहुधा मधल्या दोन तासांत असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास ती वाढते, अष्टमीच्या भांगास मंदावते.

आतां मासा. जिताडा हा आमच्या खाड्यांतील नामांकित मासा. तो भर प्रवाहांत राहून शक्ति खर्च करीत नाहीं. खडकाच्या किंवा पुलाच्या खांबाच्या आडोशास, जेथें पाणी संथ असतें, तेथें तो प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येणाऱ्या लहान माशांवर व कोळंबीवर झडप घालतो. वेगवान व संथ पाण्याच्या सांध्यावर पुष्कळदां फेसाची रेघ दिसते; तीच त्याची पंगत.

अशा ठिकाणीं खोट्या आमिषानेंही गरवितां येतें. फिनलंडांतील लौरी रापाला या कोळ्यानें १९३६ सालीं बुचाचा मासा कोरून त्यास चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद लाविला. जखमी माशाप्रमाणें डुलणें, हेंच त्याचें आकर्षण होतें.

आमिष आडोशाच्या अगदीं समोर टाकूं नये; प्रवाहाच्या वरच्या अंगास तिरपें टाकावें. मग दोरी ढिली पडणार नाहीं इतपतच गुंडाळीत तें पाण्याबरोबर वाहूं द्यावें. तें संथ पाण्याकडे वळूं लागतें, त्याच वेळीं बहुधा मासा लागतो. प्रवाहाविरुद्ध जोरानें ओढल्यास तें वर येतें व दोरीस पीळ पडतो. तें खोल जात नसेल, तर आणखी वरच्या अंगास टाकून पाहावें व दोरी बारीक पण बळकट घ्यावी. जाड दोरीस पाणी अधिक ढकलतें.

जिताडा प्रथम नर म्हणून वाढतो व मोठा झाल्यावर मादी होतो. फार मोठा जिताडा म्हणजे बहुधा अंडीं घालणारी मादीच होय. तिला पाण्यांत परत सोडणें हें शहाणपणाचें.

ज्या ओढीनें मासा जवळ येतो, तीच माणसास दूर नेते, हें पालकांनीं मुलांस बजावून सांगावें. ओहोटीचें पाणी खाडींतून समुद्राकडे धांवतें. खडक ओला दिसल्यास तेथवर लाट येते असें समजावें. भरतीनें परतीची वाट बुडते, म्हणून पाणी चढूं लागतांच मागें यावें. एकट्यानें जाऊं नये. पावसाळ्यांत तर मुळींच जाऊं नये. पाण्यांत पडल्यास प्रवाहाशीं झुंजून दम दवडूं नये. उताणें तरंगत, हांक मारीत, आडव्या दिशेनें किनाऱ्याकडे सरावें. सोबत्यानें मागोमाग उडी घेऊं नये; दोरी किंवा घट्ट झांकणाचा रिकामा डबा फेकावा.

गळ विकत घेण्यापूर्वीं मुलांनीं एक संपूर्ण भरती व एक ओहोटी सुरक्षित जागीं बसून पाहावी आणि वहींत टिपावी: तिथि कोणती, ओढ केव्हां वाढली, फेसाची रेघ कोठें दिसली, कोणता खडक केव्हां बुडाला. अशी वही तयार झाल्यावर गळ पुढच्या सुटींत घेतला तरी चालेल.