स्विफ्ट घ्यायची, पण कोणत्या सालची?

जुन्या गाड्यांच्या बाजारात भाव ठरतो तो पासिंगच्या सालावर. ‘२०२३ पासिंग, फर्स्ट ओनर, कंपनी सर्व्हिस’ एवढं कानावर पडलं की घेणाऱ्याचं निम्मं मन तयार होतं. पण गाडी कारखान्यातून बाहेर कधी पडली आणि आरटीओत नोंदली कधी, या दोन वेगळ्या तारखा आहेत. २०२२च्या डिसेंबरात तयार झालेली गाडी यार्डात उभी राहून मे महिन्यात नोंदली गेली, तरी बाजारात ती २०२३ची म्हणूनच विकली जाते. गाडीत इंजिन कोणतं, एअरबॅग किती, पेट्रोल कोणतं चालेल, हे मात्र उत्पादनाचा महिना ठरवतो. म्हणून साल विचारताना महिनाही विचारायला हवा. मारुतीच्या स्विफ्टचं उदाहरण घेऊन हे नीट पाहता येतं.

स्विफ्ट भारतात आली २००५च्या मे महिन्यात. दुसरी पिढी २०११च्या ऑगस्टमध्ये, तिसरी २०१८च्या फेब्रुवारीत आणि चौथी २०२४च्या मे महिन्यात. पहिल्या दोन पिढ्यांचा विचार आता घरच्या गाडीसाठी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या पिढीच्या खालच्या व्हेरिअंटमध्ये एअरबॅग नव्हत्या. तशाच एका गाडीला २०१४मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत शून्य तारे मिळाले होते. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२चं पासिंग म्हणजे २०२७मध्ये पुन्हा फिटनेस, पुन्हा नोंदणी आणि वर पर्यावरण कर. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली गाडी अशी महागात पडते.

तिसऱ्या पिढीपासून खरी निवड सुरू होते. दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्याच व्हेरिअंटमध्ये आले. तरीही २०१८च्या पहिल्या सहामाहीतली गाडी जरा जपून घ्यावी. १ डिसेंबर २०१७ ते १६ मार्च २०१८ या काळात बनलेल्या ५२,६८६ नव्या स्विफ्ट आणि बलेनो कंपनीने ब्रेकच्या व्हॅक्यूम होजच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्याच जुलैत १,२७९ स्विफ्ट आणि डिझायर परत बोलावल्या, त्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी. कंपनीने हे जाहीर केलं आणि काम फुकट करून दिलं, हे चांगलंच झालं. पण आपल्यासमोर उभी असलेली गाडी तेव्हा वर्कशॉपमध्ये गेली होती का, हे तिसऱ्या मालकाला कोण सांगणार? चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावं. कोणत्याही कंपनीचं नवं मॉडेल आलं की पहिले काही महिने अशा गोष्टी निघतात आणि पुढच्या गाड्यांत त्या दुरुस्त होऊन येतात. जुनी गाडी घेणाऱ्याच्या हातात निवड आहे, त्याने पहिली बॅच सोडून द्यावी.

२०१९च्या जूनमध्ये पेट्रोल स्विफ्ट बीएस-६ झाली. डिझेल मात्र एप्रिल २०२०च्या आत बंदच झालं. फियाटच्या घराण्यातलं ते १.३ लिटरचं इंजिन हायवेला फार गोड चालायचं. ज्याचं रोजचं रनिंग भरपूर आहे, त्याने २०१९ची डिझेल शोधली तर मी त्याला अडवणार नाही. शहरात शाळा-ऑफिस-भाजी एवढंच करणाऱ्याने पेट्रोलच घ्यावी.

२०२१च्या सुरुवातीला बाहेरून किरकोळ आणि बोनेटखाली मोठा बदल झाला. ८३ पीएसचं इंजिन जाऊन ९० पीएसचं ड्युअलजेट आलं. मॅन्युअल गिअरचं कंपनीने सांगितलेलं मायलेज लिटरला २१.२१ किलोमीटरवरून २३.२० झालं. चार सिलिंडरचं हे इंजिन शांत आहे आणि भरल्या गाडीने घाट चढताना कुरकुर करत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोयही सोबत आली. त्यामुळे बॅटरी बदलायची वेळ आली की त्या प्रकाराला चालणारीच घ्यावी लागते, हे भावाची घासाघीस करताना लक्षात ठेवावं.

आता मुद्दा इथेनॉलचा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या धर्तीच्या रबरी नळ्या-सीलना त्रास देतं. म्हणून १ एप्रिल २०२३पासून तयार होणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग वीस टक्के इथेनॉल सोसणारे असावेत, असं ठरलं. आज पंपावर बहुतेक ठिकाणी तेच पेट्रोल मिळतं. त्यामुळे सगळा हिशेब मांडला तर एप्रिल २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात बनलेली पेट्रोल, मॅन्युअल स्विफ्ट मला सर्वांत योग्य वाटते. पाच वर्षं रस्त्यावर राहून दोष निघून गेलेली पिढी, चांगलं इंजिन आणि आजच्या पेट्रोलला तयार असलेले भाग, हे तिन्ही एकत्र त्याच बारा-तेरा महिन्यांत मिळतं. बजेट तिथपर्यंत जात नसेल, तर २०२१ची.

एक गोष्ट मात्र लपवता येणार नाही. या पिढीला २०१८मध्ये दोन तारे आणि २०२२च्या डिसेंबरमध्ये, कडक केलेल्या चाचणीत, एकच तारा मिळाला. गाडीत लहान मुलं असतील आणि प्रवास एक्स्प्रेसवेचा असेल, तर थोडे पैसे वाढवून सहा एअरबॅगवाली २०२४ची नवी स्विफ्ट पाहावी, जरी तिचं इंजिन तीन सिलिंडरचं असलं तरी. नाहीतर २०२०च्या जानेवारीत पाच तारे मिळवलेली टाटा अल्ट्रोझ पाहावी.

महिना ओळखायचा कसा? आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. डिजिलॉकरमधली प्रतही चालते, पण एजंटच्या मोबाइलमधल्या फोटोवर समाधान मानू नका. मग डिकी उघडून स्टेपनी पाहा. टायरच्या बाजूवर लांबट गोलात चार आकडे असतात. १६२३ म्हणजे २०२३चा सोळावा आठवडा. चालती चाकं झिजून बदललेली असू शकतात, स्टेपनी बहुधा मूळचीच राहते. शेवटी पुढचे दोन्ही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. तळाशी कापडी चिठ्ठी शिवलेली असते आणि तिच्यावर बऱ्याचदा तारीख असते. गाडी २०२३ची आणि ड्रायव्हरच्या बेल्टवर तारीख २०२४ची, असं दिसलं तर थांबा. एअरबॅग फुटल्या की पुढचे बेल्टही बदलावे लागतात. ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ म्हणून सांगितलेल्या गाडीचा अपघात त्या चिठ्ठीवरून कळतो. मग विम्याच्या क्लेमचा इतिहास मागावा आणि तो देण्यात टाळाटाळ झाली तर दुसरी गाडी पाहावी.

कागदांत फॉर्म २९ आणि ३० नावबदलाचे. कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर, त्यामुळे दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाडीचा भाव हा खर्च मिळवूनच बघावा. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही, म्हणजे विम्याचा पहिला हप्ता जरा जास्त बसेल. आणि आरसीवर आपलं नाव चढेपर्यंत थोडी रक्कम हातात राखून ठेवावी, तसं करारात लिहूनही घ्यावं.